बोटीच्या उशिराचा मध्यक

नऊ वाजता जनरेटर बंद होतो.
त्याआधी दोन उदाहरणं, मग मेणबत्तीवर एक.
पुस्तक आधी आदाइल्तोनचं होतं.
समासात भावाचं तिरपं अक्षर,
चोविसाव्या पानानंतर तेही नाही.
मी पंचविसाव्यावर आहे.

डब्यात घेवड्याचे तीन तांबडे दाणे, पाच काळे.
न बघता एक काढा.
परत न ठेवता दुसरा काढा.
दोन्ही तांबडे निघण्याची संभाव्यता किती?
तीन छेद आठ गुणिले दोन छेद सात.
उत्तर येतं, पण पटत नाही,
म्हणून मी खरंच काढून बघते,
वहीत रेघा मारते,
बाविसाव्या खेपेला आई डबा उचलते.
"झाली का गं तुझी संभाव्यता?"
आणि आठही दाणे भिजवणात.
परत न ठेवता म्हणजे काय
ते मला तेव्हा नीट कळलं.

नेयदेबाई म्हणतात, आधी नमुना अवकाश लिही,
जे जे घडू शकतं ते सगळं,
आवडो न आवडो.

आमच्या काठावरून सांतारेंला जायला एकच बोट,
'दोना झुलेइडे'. नाव मालकाच्या सासूचं,
तीही अशीच
स्वतःच्या वेळेला यायची म्हणतात.
बोटीचे चार रविवार मी धक्क्यावर बसून टिपले:
दहा मिनिटं उशीर, पंधरा, पंधरा, वीस.
पाचवा गेल्या नोव्हेंबरातला,
तो टिपावा लागला नाही:
एकशे नव्वद.

सरासरी आली पन्नास.
पन्नास मिनिटं उशीर मात्र
कुठल्याच रविवारी झाला नव्हता.
मध्यक पंधरा. बहुलकही पंधरा.
बाई म्हणाल्या, एखादी संख्या फार लांब पडली
तर सरासरी तिच्यामागे वाहवत जाते,
मध्यक जागचा हलत नाही,
त्यावर विसंबावं.

पण त्या एकशे नव्वदात माझा भाऊ बसला होता.
नदी उतरलेली, बोट वाळूत रुतलेली,
खिशात नियमाप्रमाणे
पारदर्शक नळीचं काळं पेन.
साडेअकराला पोचायचा तो दोन चाळीसला पोचला.
फाटक एकला बंद होतं.
बाहेर टीव्हीवाले
रडणारी मुलं शोधत होते.
तो रडला नाही म्हणून त्याला कुणी दाखवलं नाही.
त्यानं एक बर्फाचा गोळा घेतला
आणि त्याच बोटीनं परत आला.
एवढंच त्यानं सांगितलं,
तेही गोळा कुठल्या चवीचा होता
असं मी विचारल्यावर.

आता तो धक्क्यावर मानिओकच्या पिठाची पोती उचलतो.
काल वही दाखवली.
पांढऱ्या बोटानं त्यानं शेवटचा आकडा झाकला.
"हा काढून टाक.
उरलेल्यांची सरासरी बघ, पंधराच येते.
बघ ना, सगळं कसं जुळतंय."
खरंच जुळत होतं.
बोट उचललं तेव्हा
एकशे नव्वदवर पिठाचा ठसा होता,
खालचा आकडा स्वच्छ दिसत होता.

मी शनिवारीच निघणार आहे.
क्रेउझामावशीकडे एक झोळणा रिकामा असतो,
तिचा कुत्रा रात्रभर भुंकतो,
भुंकू दे.
मध्यकाला सांगू नका.

आज पुस्तक उघडलं,
तर पंचविसाव्या पानावर, समासात,
तिरप्या अक्षरात ताजी पेन्सिल.
आठ दाण्यांचंच उदाहरण.
त्याचं उत्तर नऊ छेद चौसष्ट.

चूक आहे.
पहिला दाणा त्यानं
डब्यात परत ठेवलाय.

खोडरबर हातात घेतलं,
मग त्यानंच पुस्तकात खूण घातली
आणि दिवा जायच्या आत पुढच्या उदाहरणाला लागले.
सांगेन त्याला.
परीक्षेला अजून अवकाश आहे.